पन्नासांतला एक दगड

४ मार्च २०१०. मंगळावरच्या मेरिडियानी पठारावर ऑपॉर्च्युनिटी ही सहा चाकांची गाडी दिवसाची मजल संपवून थांबली. थांबल्यावर तिनं वाट शोधण्यासाठी बसवलेल्या कॅमेऱ्यानं आसपासच्या जमिनीचं छायाचित्र घेतलं. त्यात पन्नासहून जास्त दगड होते. एरवी हे छायाचित्र आधी पृथ्वीवर आलं असतं. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत शास्त्रज्ञांनी ते पाहिलं असतं, चर्चा करून एखादा दगड निवडला असता आणि दुसऱ्या दिवशी, कदाचित त्याच्याही नंतर, गाडीला कळवलं असतं की या दगडाकडे नीट बघ. त्या दिवशी छायाचित्र गाडीच्याच संगणकानं वाचलं. त्यानं दगड एकमेकांपासून वेगळे केले, त्यांची मापं घेतली आणि मोठा व गडद असा एक दगड निवडला. मग बारकावे टिपणारा दुसरा कॅमेरा त्या दगडाकडे वळला आणि वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून त्याची छायाचित्रं घेतली गेली.

ती पृथ्वीवर पोचली तेव्हा दिसला एक तपकिरी, थराथरांचा, फुटबॉलएवढा दगड. जवळच कधीतरी अशनी आदळून विवर खणलं गेलं, तेव्हा बाहेर फेकल्या गेलेल्या दगडांपैकी तो असावा. दगड म्हणून त्यात फार मोठं काही नव्हतं. मोठं होतं ते त्याच्या निवडीत. कोणाही माणसाची नजर त्या जागेवर पडण्याआधी ‘हा बघण्याजोगा आहे’ असं तिथल्या तिथे ठरलं होतं.

मला या घटनेचं वाटणारं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. ऑपॉर्च्युनिटी जानेवारी २००४मध्ये उतरली होती आणि तिच्याकडून ९० मंगळदिवसांच्या कामाची अपेक्षा होती. सातव्या वर्षात असलेल्या त्या म्हाताऱ्या गाडीला कोट्यवधी किलोमीटरवरून नवं कौशल्य शिकवलं गेलं. हात लावता येत नाही, सुटा भाग बदलता येत नाही. पाठवता येतात ते फक्त रेडिओ संदेश. त्या संदेशांतून गाडीला निवड करण्याची रीत मिळाली. या सॉफ्टवेअरचं नाव एजिस. तारा एस्टलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं आणि २००९च्या अखेरीस ते मंगळावर पाठवलं गेलं.

वाट पाहण्याची किंमत

यंत्रानं स्वतः ठरवण्याची गरज का पडते, हे समजायला आधी आपल्या प्रज्ञानकडे बघू. ऑगस्ट २०२३मध्ये चांद्रयान-३चा हा रोव्हर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात हिंडत होता. २७ ऑगस्टला त्याच्या वाटेत ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा तो खड्ड्यापासून ३ मीटरवर होता. इस्रोच्या केंद्रातून मागे फिरण्याची आज्ञा गेली आणि तो नव्या वाटेला लागला. चंद्रावर संदेश पोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. तिथल्या रोव्हरसाठी माणूस पृथ्वीवर बसून विचार करू शकतो.

मंगळाचं तसं नाही. पृथ्वी आणि मंगळ जवळ आले की त्यांच्यातलं अंतर सुमारे ५.५ कोटी किलोमीटर असतं आणि सूर्याच्या दोन बाजूंना गेले की ते ४० कोटींपर्यंत वाढतं. एका बाजूचा संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. पण एवढंच असतं तर निभावलं असतं. अर्ध्या तासानं उत्तर आलं तरी दिवसातून पुष्कळ प्रश्न विचारता येतात. खरा खोळंबा होतो तो वेळापत्रकामुळे.

रोव्हरचा थेट पृथ्वीशी बोलण्याचा वेग अतिशय कमी असतो. मंगळावरच्याच क्युरिऑसिटी या रोव्हरच्या बाबतीत तो सेकंदाला ५०० ते ३२ हजार बिट एवढाच आहे. म्हणून छायाचित्रं आणि मोजमापं मुख्यतः मंगळाभोवती घिरट्या घालणाऱ्या यानांमार्फत येतात. असं यान रोव्हरच्या डोक्यावरून जातं तेव्हा सुमारे आठ मिनिटं हाती लागतात आणि ते दिवसातून मोजक्याच वेळा येतं. त्यामुळे ढोबळमानानं रोजचा क्रम असा: मंगळावर सकाळ झाली की दिवसभराच्या आज्ञांची यादी जाते, रोव्हर ती पार पाडतो, दुपारनंतर वरून जाणाऱ्या यानाकडे माहिती सोपवतो, आणि ती बघून पृथ्वीवरची माणसं पुढच्या दिवसाची यादी लिहायला बसतात.

यात आणखी एक पेच आहे. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. त्यामुळे मंगळावरची दुपार पॅसाडेनात आज सकाळी आली, तर काही आठवड्यांनी ती मध्यरात्री येते. मोहिमेच्या सुरुवातीला माणसं मंगळाच्या घड्याळानं झोपतात आणि उठतात. वर्षानुवर्षं तसं जगणं शक्य नसतं. मग असे दिवस येतात की रोव्हर पुढे सरकलेला असतो, पण त्याच्या नव्या जागेची छायाचित्रं यादी लिहिण्याच्या वेळेपर्यंत आलेली नसतात. रोव्हर नव्या खडकांच्या मधोमध उभा आहे, उपकरणं तयार आहेत, दिवसाचे तास शिल्लक आहेत. आणि कशाकडे बघायचं हे सांगायला कोणी नाही. एजिस नेमकं या रिकाम्या वेळेसाठी आहे.

नजर लिहून काढायची कशी?

‘चांगला दगड निवड’ एवढी सूचना यंत्राला पुरत नाही. पहिल्यांदाच एकट्यानं बाजारात निघालेल्या मुलाला ‘चांगली वांगी आण’ म्हटलं तर तो गोंधळतो. देठ हिरवा बघ, साल तुकतुकीत बघ, हातात हलकं लागलं पाहिजे, असं सांगितलं की त्याला जमतं. आणि हे सांगताना आपल्यालाच कळतं की इतकी वर्षं आपण वांगी निवडताना नेमकं काय बघत होतो. भूवैज्ञानिकांवर हीच वेळ आली. उघड्या माळावर उभं राहिलं की त्यांची नजर क्षणात एखाद्या खडकावर जाते. ती का जाते, याचं उत्तर आता आकड्यांत द्यायचं होतं.

एजिस काम करतं ते असं. रोव्हरच्या छायाचित्रात उजेड आणि अंधार जिथे झपकन बदलतो त्या जागा ते शोधतं. दगडाची कड सहसा अशा जागी असते. मग या तुटक कडा जोडत जोडत बंद वळसे तयार केले जातात. एक बंद वळसा म्हणजे एक संभाव्य दगड किंवा खडकाचा उघडा तुकडा. त्यानंतर प्रत्येक वळशाची मोजणी होते: आकारमान किती, आतला भाग किती उजळ किंवा गडद, पोत गुळगुळीत की खडबडीत, आकृती गोलसर की लांबट, रोव्हरपासून अंतर किती. शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलेलं असतं की या मोहिमेच्या या टप्प्यावर कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यायचं. त्यानुसार सगळ्या वळशांची क्रमवारी लागते आणि वरच्या क्रमांकाचा दगड निवडला जातो.

हे सारं ज्या संगणकावर चालतं तो आपल्या खिशातल्या फोनपुढे फार दुबळा आहे. ऑपॉर्च्युनिटीचा संगणक २० मेगाहर्ट्झ वेगाचा आणि १२८ मेगाबाइट स्मृतीचा होता. क्युरिऑसिटीचा जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झचा आणि २५६ मेगाबाइट स्मृतीचा. अवकाशातल्या किरणोत्साराचा मारा सोसून वर्षानुवर्षं न चुकता चालणारे संगणक असेच संथ असतात. शिवाय तोच संगणक गाडी चालवतो, तापमान राखतो, पृथ्वीशी बोलतो. त्यातून उरलेल्या थोड्या ताकदीत ‘बघणं’ बसवायचं होतं. कडा शोधून वळसे जुळवण्याची साधी, काटकसरीची पद्धत म्हणूनच निवडली गेली. कमी साधनांत एवढं काम करून घेणाऱ्या त्या अभियंत्यांपुढे मला नतमस्तक व्हावंसं वाटतं.

बर्फावरचे अशनी आणि मंगळावरच्या वावटळी

एजिस काही एकाएकी अवतरलं नाही. जानेवारी २०००मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा नोमॅड हा रोबोट अंटार्क्टिकातल्या एलिफंट मोरेन या भागात अशनी शोधत फिरला. हिमनदीच्या बर्फावर गडद दगड उठून दिसतात, पण त्यातले कितीतरी पृथ्वीवरचेच असतात. नोमॅड कॅमेऱ्यानं दगड हेरायचा, जवळ जाऊन त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि हा अशनी असण्याची शक्यता किती हे गणितानं काढायचा. ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं ठाम उत्तर तो देत नसे. नवी माहिती मिळाली की शक्यतेचा आकडा वरखाली करत असे. त्या मोहिमेत त्यानं पाच अशनी स्वतः ओळखले. यंत्रानं स्वतःहून अशनी ओळखण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे २००४मध्ये पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ईओ-१ या उपग्रहावर स्टीव्ह चिएन यांच्या गटाचं सॉफ्टवेअर चालू झालं. ज्वालामुखीची उष्णता किंवा पूर यांसारखे बदल उपग्रह स्वतःच्या छायाचित्रांत ओळखायचा आणि त्या जागेवर पुन्हा नजर टाकण्याचं स्वतःच ठरवायचा. अंटार्क्टिकातल्या एरेबस ज्वालामुखीची हालचाल त्यानं अशीच टिपली.

मंगळावर पहिली पाळी आली वावटळींची. स्पिरिट रोव्हर उतरला होता त्या गुसेव्ह विवरात धुळीच्या वावटळी उठायच्या. पण वावटळ कधी आणि कुठे उठेल हे कोण सांगणार? अंदाजानं छायाचित्रं काढायची आणि ती सगळी पृथ्वीवर पाठवायची, तर बहुतेक छायाचित्रांत रिकामा माळ असायचा आणि मोलाचा संदेशवेळ त्यात जायचा. २००६मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन्ही रोव्हरना नवं सॉफ्टवेअर मिळालं. कॅमेरा एकाच जागी रोखून ओळीनं छायाचित्रं घ्यायची, एकमेकांशी ताडून पाहायची, आणि काही हललं असेल तर ती छायाचित्रं पाठवायच्या रांगेत पुढे घ्यायची. ढगांसाठीही अशीच सोय होती. आकाशाचा भाग ओळखायचा आणि त्यातल्या उजेडात चढउतार आहे का ते बघायचं. रेबेका कास्टानो आणि त्यांचे सहकारी या कामामागे होते.

लेझर कुठे मारायचा?

एजिसला खरा बहर आला तो क्युरिऑसिटीवर. हा रोव्हर ऑगस्ट २०१२मध्ये गेल विवरात उतरला. त्याच्या डोक्यावर केमकॅम नावाचं उपकरण आहे. अमेरिकेतली लॉस अलामॉस प्रयोगशाळा आणि फ्रान्समधले शास्त्रज्ञ यांनी मिळून ते बनवलं. केमकॅम सात मीटरपर्यंतच्या खडकावर लेझरचा मारा करतं. एक झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो, पण तेवढ्या क्षणात त्याची शक्ती दहा लाख वॉटच्या वर असते. खडकाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा ठिपका तापून त्याचा प्लाझ्मा होतो, तो लखलखतो आणि त्या उजेडाच्या वर्णपटात खडकातली मूलद्रव्यं ओळखू येतात. चंद्रावर गंधक असल्याचं प्रज्ञाननं दाखवून दिलं तेही याच जातीच्या उपकरणानं.

केमकॅमला खडकाला शिवावं लागत नाही. गाडी थांबली, नेम धरला, मारा केला, काम झालं. पण नेम कोण धरणार? नव्या जागी पोचल्या दिवशी समोर काय आहे हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नसायचं. त्यामुळे ठरावीक कोनात डोकं वळवून डोळे मिटून मारा करण्याचा प्रयोग व्हायचा. हवा असायचा मूळ खडक, आणि लेझर अनेकदा पडायचा माती-वाळूवर.

रेमंड फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एजिसला केमकॅमशी जोडलं आणि मे २०१६पासून शास्त्रज्ञ ते नेहमीच्या कामात वापरू लागले. २०१७मध्ये ‘सायन्स रोबॉटिक्स’ या नियतकालिकात त्यांनी निकाल मांडले. सुमारे अडीच किलोमीटरच्या, आधी कोणी न पाहिलेल्या वाटेवर एजिसनं निवडलेलं लक्ष्य ९३ टक्के वेळा शास्त्रज्ञांना हव्या असलेल्या प्रकारचं निघालं. डोळे मिटून नेम धरला असता तर हा आकडा २४ टक्के अपेक्षित होता. म्हणजे पूर्वी चारांतला एक मारा कामी आला असता, आता दहांतले नऊ येऊ लागले.

त्याहून नाजूक काम आहे नेम सुधारण्याचं. गेल विवरातल्या खडकांत कॅल्शियम सल्फेटच्या पांढऱ्या शिरा आहेत. खडकाला भेगा पडल्या, त्यांतून पाणी वाहिलं आणि मागे क्षार साचले, त्याच्या या खुणा. काही शिरा जेमतेम काही मिलिमीटर रुंद. पृथ्वीवरून नेम धरला तर दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते आणि शीर हुकते. इथे एजिस केमकॅमच्याच दूरदर्शी कॅमेऱ्यातून छायाचित्र घेतं, त्यात शीर शोधतं आणि नेम तेवढ्यापुरता सरकवतं. निवड माणसाची, शेवटच्या दोन मिलिमीटरचा हिशेब यंत्राचा. कामाची ही वाटणी मला फार सुरेख वाटते.

विश्वास कोणत्या पायरीपर्यंत?

शास्त्रज्ञांनी आपली उपकरणं यंत्राच्या हाती सोपवली, ती आंधळेपणानं नाही. एजिसचे निर्णय भर घालणारे असतात. गाडी नव्या जागी थांबली आहे, कोणी काही सांगणार नाही, अशा वेळी ते काम करतं. त्याची निवड चुकली तर लेझरचे काही झोत वाया जातील, एवढंच. निवड बरोबर आली तर जे मोजमाप झालंच नसतं ते हाती येईल. वावटळींचं सॉफ्टवेअर वेगळ्या जातीचं होतं. ते छायाचित्रं चाळून मागे-पुढे लावत होतं. चाळणीत चूक झाली तर हवी असलेली गोष्ट मागे राहण्याचा धोका असतो, आणि ती मागे राहिली हे आपल्याला कळतही नाही. भर घालणारा निर्णय यंत्रावर सोपवणं सोपं. वगळणारा निर्णय सोपवायला जास्त धैर्य लागतं.

पर्सिव्हिअरन्स हा रोव्हर फेब्रुवारी २०२१मध्ये जेझेरो विवरात उतरला. त्याच्या सुपरकॅम या उपकरणासाठीही एजिस वापरलं जाऊ लागलं. पण मला जास्त मोह पडतो तो त्याच्या हाताच्या टोकाला असलेल्या पिक्सल या उपकरणाचा. पिक्सल खडकावर क्ष-किरणांचा अतिशय बारीक झोत टाकतं. टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेवर हजारो ठिपके, एकामागून एक. प्रत्येक ठिपक्यातून कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं आणि हळूहळू खडकाचा नकाशा तयार होतो. याला तासन्‌तास लागतात आणि तेवढ्या वेळात मंगळावरचं तापमान बदलून रोव्हरचा हात किंचित लांब-आखूड होतो. म्हणून पिक्सल सहा छोट्या पायांच्या चौकटीवर बसवलं आहे. ते खडकाची छायाचित्रं घेत, आपण कुठे आहोत ते ताडत, स्वतःला सावरून घेतं.

या पायऱ्यांत आता आणखी एकीची भर पडली आहे. एखाद्या ठिपक्यात कार्बोनेट किंवा फॉस्फेटसारखं महत्त्वाचं खनिज दिसलं तर पिक्सल तिथे जास्त वेळ थांबायचं ठरवतं. सगळ्या ठिपक्यांना सारखा वेळ दिला तर तो बराचसा सामान्य कणांवर खर्च होतो आणि दुर्मीळ कणाच्या वाट्याला अपुरा येतो. वाढवलेल्या वेळात त्याच कणाची माहिती पुष्कळ स्वच्छ होते. ऑपॉर्च्युनिटी दगडाचं रूप बघून ठरवत होती. पिक्सल खडकाचा घटक ओळखतं आणि त्या ज्ञानावर पुढचं पाऊल टाकतं. पंधरा वर्षांच्या आत यंत्राचा निर्णय दगडाच्या सालीवरून गाभ्यापर्यंत गेला.

जे यादीत नव्हतं ते

एजिसच्या आधी, संशोधनाच्या काळात, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी निवडीचे तीन मार्ग मांडले होते. पहिला: आम्ही सांगितलेल्या खुणांशी जुळेल ते शोध. दुसरा: आजवर पाहिलेल्या सगळ्याहून वेगळं दिसेल ते शोध. तिसरा: या जागेत प्रत्येक प्रकारचं थोडं थोडं बघ, म्हणजे सामान्य काय हे कळेल. एक चांगला क्षेत्र-भूवैज्ञानिक हे तिन्ही एकाच वेळी करत असतो. त्याच्या डोक्यात शोधायच्या गोष्टींची यादी असते, जागेच्या सामान्य रूपाची जाण असते, आणि त्या जाणिवेमुळेच विजोड गोष्ट खटकते. तिसरा मार्ग सर्वांत कंटाळवाणा वाटतो, पण दुसरा त्याच्यावर उभा आहे. सामान्य काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला असामान्य ओळखता येत नाही.

आणि मंगळावरच्या काही अविस्मरणीय शोधांकडे पाहिलं की पहिला मार्ग किती अपुरा आहे हे कळतं. २००६मध्ये स्पिरिटचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. रोव्हर उलटा चालू लागला आणि ते चाक मागून फरफटत जमीन उकरत गेलं. २००७मध्ये त्या चरात पांढरी माती दिसली. तपासली तर तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका निघाली. गरम पाण्याचे झरे किंवा वाफेची तोंडं यांच्याभोवती अशी सिलिका जमते. अशी जागा जीवनाला पोसू शकली असती. नादुरुस्त चाकानं तो खजिना उघडला.

३० मे २०२४ रोजी क्युरिऑसिटी गेडिझ व्हॅलिस या खोऱ्यात एका दगडावरून गेला. त्याच्या वजनानं दगड फुटला आणि आत पिवळे स्फटिक चमकले. ते शुद्ध गंधक होतं. गंधकाचे क्षार त्या भागात होते हे ठाऊक होतं, पण शुद्ध गंधक मंगळावर त्याआधी कधीच सापडलं नव्हतं. दगड न फुटता पडून राहिला असता तर त्याच्या बाहेरच्या रूपावरून आतली बातमी कळण्यासारखी नव्हती. कोणत्याही निकषानं तो वरच्या क्रमांकावर आला नसता.

या दोन गोष्टींवरून ‘यंत्राला हे कधी जमायचं नाही’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. माणसांनाही तो गंधकाचा दगड वरून ओळखता आला नव्हता. पण शोध पूर्ण झाला तो दोन्हीकडे माणसाच्या नजरेनं. चाकाच्या चरातला पांढरा रंग आणि फुटलेल्या दगडातला पिवळा रंग कोणाला तरी खटकला आणि त्यानं म्हटलं, थांबा, हे काय आहे? यादीत नसलेल्या गोष्टीसाठी थांबणं हाच कुतूहलाचा खरा कस आहे. यंत्रालाही तो शिकवायचा तर त्याला समोरच्याइतकंच मागे, आपल्याच चाकोरीकडे, बघायला सांगितलं पाहिजे. गाडी जाण्याआधीची आणि गेल्यानंतरची जमीन ताडून पाहायची, आणि उकरलेल्या रेघेत काही वेगळं दिसलं तर पुढची मजल थोपवायची.

ही निकड आता वाढत जाणार आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर ड्रॅगनफ्लाय हे उडणारं यान धाडायची नासाची योजना आहे. २०२८मध्ये प्रक्षेपण आणि २०३४मध्ये टायटनवर आगमन. तिथून संदेश यायला एका बाजूनं तासाहून जास्त वेळ लागतो. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फावर उतरण्याच्या कल्पनाही मांडल्या गेल्या आहेत. तिथला किरणोत्सार इतका तीव्र आहे की उतरलेल्या यानाला काही आठवड्यांचंच आयुष्य मिळेल. अशा ठिकाणी रोज रात्री सल्लामसलत करून सकाळी यादी पाठवायची चैन परवडणार नाही. काय मोजायचं, काय पाठवायचं आणि शेवटी काय सोडून द्यायचं हेही तिथल्या तिथे ठरवावं लागेल. वगळणारे निर्णय, ज्यांना आपण आजवर बिचकत आलो, ते यंत्रांच्या हाती देणं भाग पडेल.

म्हणून एजिसचा अनुभव मला इतका मोलाचा वाटतो. त्याच्या निकषांतली प्रत्येक ओळ कोणा ना कोणा भूवैज्ञानिकानं आयुष्यभर कमावलेल्या नजरेतून आली आहे. मोठा दगड का, गडद का, उजळ मूळ खडक का, पांढरी शीर का, याची कारणं त्यांना स्वतःलाच खणून काढावी लागली. यंत्राला बघायला शिकवताना माणूस आपल्या बघण्याचा हिशेब मांडायला शिकला. त्या हिशेबात एक कलम अजून कच्चं आहे: ‘आणि आम्हाला सुचलं नाही असं काही दिसलं, तर थांब.’ मंगळावर ते कलम कच्चं असलं तरी चालून जातं, कारण दुसऱ्या दिवशी माणूस बघतो. टायटन आणि युरोपाकडे जाणाऱ्या यानांत मात्र ते निघण्याआधीच पक्कं लिहिलेलं असायला हवं. ते लिहिण्यासाठी सामान्य काय याचा अभ्यास आधी लागेल, म्हणजे अगदी साध्या, कोणी लक्ष न दिलेल्या दगडांचाही. पन्नासांतला एक निवडायचा तर उरलेले एकोणपन्नासही ओळखीचे असावे लागतात.